धाकू कळंबट्याचे पाय

मुलुंड कॉलनीच्या मागे, डोंगर जिथून चढायला लागतो तिथे एक बैठी चाळ होती. चाळीत बहुतेक घरं रत्नागिरीकडची, त्यातली निम्मी एकाच गावची. गिरण्यांचा संप झाला, लालबाग-परळची खोली सुटली आणि माणसं मिळेल त्या कामाच्या मागे उपनगरात आली. धाकू कळंबटे त्यातलाच. गिरणीत तो साचे, म्हणजे माग, चालवायचा, इथे आग्रा रोडलगतच्या एका इंजिनीयरिंगच्या गाळ्यात ग्राइंडिंगवर लागला. दिवसभर लोखंड घासायचं, ठिणग्या उडवायच्या आणि संध्याकाळी नाकातून काळं काढायचं.

पण धाकूची ओळख कामावरून कुणी सांगत नसे. ‘जाखडीवाला धाकू’ म्हटलं की मुलुंड-भांडुपपासून पार विक्रोळीपर्यंतची कोकणातली माणसं मान हलवायची. कोकणातला हा नाच. मधे बुवा आणि मृदंगवाला बसतात, भोवती नाचणारे रिंगण धरतात, उजव्या पायात घुंगरांचा चाळ बांधून. दोन मंडळं समोरासमोर आली की रंग चढतो. एक शक्तीवाले, पार्वतीची बाजू घेणारे, दुसरे तुरेवाले, शंकराची बाजू घेणारे. गाण्यातून सवाल, गाण्यातून जवाब. या सामन्याला बारी म्हणायचं. मुलुंडचं मंडळ शक्तीचं. बुवा होता जयवंत, धाकूचा बालमित्र, दोघं गावी एकाच शाळेतून पळालेले. गळा जयवंतचा आणि पाय धाकूचे, असं मंडळ होतं ते. धाकूनं एका पायावर गिरकी घेऊन उकिडवं बसावं आणि बसल्या जागेवरून उसळी मारावी, तर बघणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडातली विडी विझायची.

शहाऐंशी सालच्या पावसाळ्यात त्याला काहीतरी व्हायला लागलं. आधी कुणाला कळलंच नाही. धाकूचा चेहरा भरला. पोटऱ्या तर अशा फुगल्या की चाळीतले लोक म्हणायचे, “धाकूनं काय तालीम धरली की काय? पोटऱ्या बघा, पैलवानाच्या!” धाकू हसायचा. पण पहाटे पायात गोळा यायचा तेव्हा उशी तोंडात धरून पडून राहायचा. पोटरीचं मांस दगडासारखं व्हायचं, कुणीतरी आतून पिळा घालतंय असं वाटायचं आणि तो पिळा सुटायला वेळ लागायचा. त्याची बायको शेवंती उठून तळव्यांना तेल चोळायची. ती म्हणायची, “अवो, अंग किती गार पडलंय तुमचं. श्रावणात गोधडी घेऊन कोण झोपतं?”

हळूहळू सगळंच मंदावलं. चाळीकडचा चढ चढताना मांड्या भरून यायच्या. बोलणं जड झालं, आवाज घोगरा, शब्द जिभेला चिकटून निघाल्यासारखे. कामावर मुकादम म्हणाला, “काय धाकू, घेऊन आलायस का?” ज्या माणसानं आयुष्यात थेंब घेतला नव्हता त्याला हे ऐकून घ्यावं लागलं. घरी शेवंतीनं काही सांगितलं की तो बराच वेळ तिच्याकडे बघत बसायचा आणि मग मान हलवायचा. तिला या बघण्याचीच जास्त भीती वाटायची.

उपाय झाले. लिंबू-मीठ झालं, केळी झाली, गावठी तेलं झाली. कुणी म्हणालं वात आहे, कुणी म्हणालं कुणाची तरी दृष्ट. शेजारची विमलाताई रोज टीव्ही बघायची. धाकूचा गळा खालून जरा सुजलेला तिच्याच लक्षात आला. ती म्हणाली, “हे गलगंड. अंगात आयोडीन कमी पडलं की होतं. ते नवीन पुडीतलं मीठ आणा.” शेवंतीनं पुडीतलं मीठ आणलं. जयवंतनं मात्र कपाळाला हात लावला. “अगो, जन्मल्यापासून खाडीचे मासे खातोय हा. याला कसलं आयोडीन कमी पडतंय?”

गणपतीत भांडुपच्या तुरेवाल्यांशी बारी ठरली होती. शेवंती म्हणाली, या वर्षी नको. धाकू तिच्यावर पहिल्यांदाच ओरडला, आणि ओरडताना त्याचा आवाज फाटला.

रविवारी दुपारी शाळेच्या मैदानात मांडव भरला होता. तुरेवाल्यांचा बुवा अंबादास भुवड. काळा, उंच, जिभेला धार असलेला माणूस. गण झाला, गवळण झाली. धाकू पहिल्या गाण्याला तगला. दुसऱ्याला घुंगरं मृदंगाच्या मागे पडायला लागली. जयवंतला ते ऐकू आलं, त्यानं लय उतरवली. धाकूला त्याचाच राग आला. आपल्यासाठी लय उतरवतो? त्यानं गिरकी घेतली, उकिडवा बसला आणि उसळी मारायला गेला. दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे आले. तो तसाच बसल्या बसल्या आडवा झाला. उठता येईना. चार जणांनी उचलून बाजूला नेलं, तरी पाय गुडघ्यात दुमडलेलेच.

मृदंग थांबला. आणि अंबादासनं संधी सोडली नाही. बारीचा नियमच तो. तिथल्या तिथे कवन बांधून त्यानं आवाज टाकला:

“खांब दिसतो सागवानी, वाळवीनं खाल्ला आत,
शक्तीवाल्यांनो, तुमची शक्ती एका गिरकीत झाली मात!”

लोक हसले. शेवंती बायकांच्या बाजूला बसली होती. ती उठली, सगळ्यांच्या मधून चालत गेली, धाकूच्या पायातला चाळ सोडला आणि पदरात बांधला. हसणाऱ्यांकडे तिनं पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं धाकूला विचारलंच नाही. रिक्षा आणली आणि म्युनिसिपल हॉस्पिटलात नेलं. जयवंतही बरोबर गेला, कारण धाकूचं बोलणं आता परक्याला समजत नव्हतं.

ओपीडीत डॉ. अनुपमा होत्या. तिशीच्या, चष्मा लावणाऱ्या, घाईत असलेल्या. बाहेर रांग दारापर्यंत होती. धाकूनं “पायात गोळे” एवढंच म्हटलं आणि त्यांचं लिहिणारं पेन थांबलं. त्यांनी मान वर केली. “परत बोला. काहीही बोला.”

“काय बोलू?” धाकू म्हणाला.

“हा आवाज पहिल्यापासून असाच?”

जयवंत म्हणाला, “नाय हो बाई. माझ्या मागे साथ धरायचा हा. आता म्हशीसारखा येतोय आवाज.”

डॉक्टरांनी नाडी धरली. सावकाश. गळ्यावर बोटं ठेवून घोट गिळायला सांगितलं. मग त्याला खुर्चीवर गुडघे टेकून, पाठ करून उभं केलं, पावलं खुर्चीच्या बाहेर लोंबती. टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटक्यानं मागे गेलं. पण परत येताना सावकाश आलं, एखादं जड दार आपोआप लागतं तसं. त्यांनी पुन्हा मारलं. पुन्हा तसंच. जयवंतला ते बघवेना. ज्या पावलाच्या तालावर त्यानं आयुष्यभर गाणी म्हटली, ते पाऊल जागेवर यायला विसरत होतं.

“या पोटऱ्या व्यायामाच्या नाहीत,” डॉक्टर म्हणाल्या. “सुजल्यासारख्याच समजा. आत ताकद नाही. गळ्यात एक ग्रंथी असते, थायरॉईड. सगळं शरीर कुठल्या वेगानं चालायचं ते ती ठरवते. तुमची मंदावलीय असा माझा संशय आहे. रक्त तपासायला परळच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवू. तोवर सांगा, औषधं कुठली चालू आहेत?”

“कसलीच नाय,” धाकू म्हणाला.

“काहीच नाही?”

“नाय.”

शेवंती इतका वेळ दाराशी उभी होती. ती म्हणाली, “खोकल्याचं पाणी तेवढं घेतात. पण ते काय औषध नव्हे. खोकल्याचंच ते.”

“कधीपासून?”

शेवंतीनं आठवलं. गाळ्यात कामाला लागल्यावर लोखंडाच्या धुळीनं खोकला धरला होता, तेव्हापासून. म्हणजे वर्ष होऊन गेलं की. नाक्यावर सबनीस डॉक्टरांचा दवाखाना, तिथलं ते मिक्स्चर. बाटली संपली की नेऊन द्यायची आणि भरून आणायची.

“चव कशी असते?”

“तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखी,” धाकू म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं सगळ्यात मोठं वाक्य.

डॉ. अनुपमांनी पेन खाली ठेवलं. “आजपासून त्याचा एक थेंब घ्यायचा नाही. आणि त्या डॉक्टरांना विचारून या, त्यात काय आहे.”

बाटलीवर काही लिहिलेलं नसायचंच. डोस कळावा म्हणून कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवलेली, बस. शेवंती त्याच संध्याकाळी ती बाटली घेऊन दवाखान्यात गेली. मार्तंड सबनीस म्हातारे झाले होते, पण दवाखाना रोज उघडायचे. तिनं सगळं सांगितलं. सबनीसांनी बाटली उजेडात धरली, वास घेतला आणि खुर्चीत टेकले.

“पोटॅशियम आयोडाइड,” ते म्हणाले. “छातीतला चिकट कफ सुटावा म्हणून देतो आम्ही. पण मी पंधरा दिवसांचं दिलं होतं गं. वर्षभराचं कुणी दिलं?”

कुणी दिलं? रोज बाटल्या भरणारा कंपाउंडर आणि दर वेळी बाटली आणणारी शेवंती, दोघं एकमेकांकडे बघत राहिले. नेहमीचं आहे ना, हो नेहमीचंच. या दोन वाक्यांवर वर्ष निघालं होतं. शेवंतीला रडू आलं. आपल्याच हातानं पाजलं आपण. सबनीस म्हणाले, “तू नाही, मी. एकदा तरी त्याला आत बोलवून बघायला हवं होतं.” त्यांनी डॉ. अनुपमांसाठी औषधाचं प्रमाण एका कागदावर लिहून दिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः हॉस्पिटलात फोनही केला. त्या दिवसानंतर त्या दवाखान्यात पेशंटला पाहिल्याशिवाय बाटली भरून मिळेना. लोकांनी कुरकुर केली, पण म्हातारा बधला नाही.

रक्ताचा रिपोर्ट आला. संशय खरा होता. पण जयवंतच्या डोक्यात काही शिरेना. “बाई, आयोडीन कमी पडल्यावर हे होतं असं टीव्हीवर सांगतात. आणि याला तर जास्त झालं म्हणता. मग दोन्हीकडनं वाटच लागते की!”

“दोन्हीकडून लागते,” डॉक्टर हसून म्हणाल्या. “ग्रंथीला आयोडीन लागतं, पण चिमूटभर. सगळ्यांचं बिघडत नाही, पण काहींची ग्रंथी मुळातच नाजूक असते. तिच्यावर महिनोन्‌महिने आयोडीनचा मारा झाला की ती कामच थांबवते. मग स्नायू एकदा आखडले की लवकर सैल होत नाहीत. त्याचेच हे गोळे.”

शेवंती पटकन म्हणाली, “चुलीत लाकडं कोंबल्यावर होतं तसं. धूर सगळीकडे, जाळ नाय.”

“अगदी तसंच. आता लाकडं काढलीत. बहुतेक ती आपली आपणच पेटेल. वाट बघू. नाही पेटली तर गोळ्या आहेत.”

वाट बघणं सोपं नव्हतं. मिक्स्चर बंद झालं तसा खोकला उलटला. धाकू खोकून खोकून बेजार व्हायचा आणि शेवंती मोरीजवळ उभी राहून विचार करायची, आपण बरोबर करतोय ना? जयवंतनं गाळ्याच्या मालकाला गाठलं. मालक कच्छी, त्याला जाखडीतलं काही कळत नव्हतं, पण धाकूसारखा हात मिळत नाही हे कळत होतं. त्यानं धाकूला धुळीतून काढून माल तपासायच्या टेबलावर बसवलं. पुढे ग्राइंडिंगच्या जागी धूळ ओढणारा पंखाही बसवला, आणि त्या पंख्याला गाळ्यातले कामगार बरीच वर्षं ‘धाकूचा पंखा’ म्हणत. धूळ गेली तसा खोकलाही थांबला.

दसरा झाला. एका सकाळी शेवंती भाकरी थापत होती आणि मागून कुणीतरी म्हणालं, “सकाळपासून उकडतंय काय गं एवढं?”

तिनं वळून पाहिलं. धाकूनं सदरा काढून खुंटीला लावला होता. तिच्या हातातली भाकरी परातीत पडली. त्या माणसाला उकडत होतं! ती हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. धाकूला काय झालं ते कळेना. “उकडतंय म्हटलं तर रडतेस कशाला?” तो म्हणाला, आणि तिला जाणवलं, आवाजही बदललाय. अजून खरखर होती, पण खाली आपला धाकू बोलत होता.

त्यानंतर तर रोज काहीतरी परत यायला लागलं. चेहऱ्याची सूज उतरली. विमलाताई म्हणाली, “धाकू, वाळलास रे.” पोटऱ्या बारीक झाल्या, आणि पोटऱ्या बारीक झाल्याचा आनंद झालेला माणूस चाळीनं पहिल्यांदाच पाहिला. पहाटेचे गोळे आधी विरळ झाले, मग एक दिवस आलेच नाहीत, मग कधी यायचे तेच विसरायला झालं. दिवाळीनंतर डॉ. अनुपमांनी पुन्हा त्याला खुर्चीवर गुडघे टेकवून उभं केलं आणि हातोडी मारली. पाऊल गेलं आणि टुणकन परत आलं.

“वा!” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी पुन्हा मारली. कारण नव्हतं, पण मारली. रिपोर्टही सुधारला होता. “गोळीची गरज नाही. सहा महिन्यांनी दाखवून जायचं. आणि जन्मात कधी कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर आधी सांगायचं, मला आयोडीनचं औषध चालत नाही.”

“आणि मासे?” धाकूनं घाबरत विचारलं.

“मासे खा हो. मासे नाही सोडायला सांगत कोकणातल्या माणसाला. आणि नाच?” त्यांनी स्वतःच विचारलं. “जयवंतराव सांगत होते.”

“नाचू?”

“हळूहळू सुरू करा. पाय तुमचेच आहेत.”

हळूहळू धाकूला जमणारं नव्हतं, पण शेवंती पहाऱ्याला होती. माघात त्यानं आधी डोंगराच्या पायवाटेनं चालायला सुरुवात केली, मग चढायला. चाळीमागच्या मोकळ्या जागेत एका रविवारी पायात चाळ बांधला. पहिल्या दिवशी दमला, धापा टाकत बसला आणि मनातून खचला. जयवंत मृदंगवाल्याला म्हणाला, “थांबू नको. हा बसला तरी तू वाजव.” मृदंग वाजत राहिला. थोड्या वेळानं बसल्या बसल्या धाकूचं उजवं पाऊल हलायला लागलं.

पुढच्या गणपतीत पुन्हा तीच जागा, तेच भांडुपचे तुरेवाले. मांडव दुपारपासूनच ओसंडत होता. पडलेला धाकू नाचणार, ही बातमी घाटकोपरपर्यंत गेली होती. अंबादास भुवडनं पहिल्याच सवालात जुनी वाळवी काढली. मांडव हसला. जयवंत वाटच बघत होता. त्यानं कानावर हात ठेवला:

“वाळवी होती बाटलीमधली, ओतली ती मोरीत,
सागवान पुन्हा उभा राहिला, ये आता बारीत!”

आणि धाकू सुटला. पहिल्या फेरीतच लोकांना कळलं, हा मागच्या वर्षीचा नव्हे, त्याच्याही आधीचा धाकू. घुंगरू मृदंगाच्या अंगावर जात होतं. जयवंतनं लय वाढवली, धाकूनं पकडली. पुन्हा वाढवली, पुन्हा पकडली. रिंगणातली पोरं सुरुवातीला त्याला सांभाळून घेत होती, आता त्यांनाच त्याच्यामागे पळावं लागत होतं. मग त्यानं गिरकी घेतली. उकिडवा बसला. बायकांतून कुणीतरी “आई गं” म्हणालं. पोटऱ्या आखडल्या, आखडायच्या तेवढ्याच, आणि सुटल्या. धाकू वर उसळला तो मांडवाच्या झालरीला हात लागेल असा. खाली आला तो समेवर. मांडव उभा राहिला. शिट्ट्या, टोप्या, “वन्स मोर” च्या आरोळ्या. त्यानं पुन्हा उसळी मारली. आणखी एकदा. शेवंती ओरडत होती, “पुरे, पुरे!” आणि टाळ्या मात्र तीच सगळ्यांत जोरात वाजवत होती.

बक्षिसाची ढाल मुलुंडला आली. पंचांना विचार करायला वेळच लागला नाही.

सामना संपल्यावर अंबादास घाम पुसत धाकूकडे आला. हात मिळवला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, “मागच्या वर्षी बोललो त्याचं मनात धरू नको. बारीतलं बारीत.” मग जरा घुटमळला. “माझी भावजय आहे, शकु. तिच्या पण पायात गोळे येतात, गळा भरलाय. तुझं ते काय होतं, आम्ही काय बंद करायचं?”

धाकू म्हणाला, “मी कोण सांगणारा? माझं जास्तीनं झालं, तिचं कशानं झालं काय ठाऊक. उद्या सकाळी घेऊन ये, डॉक्टरबाईंकडे मी येतो बरोबर.” तो खरंच गेला. शकुचं कारण वेगळंच निघालं, तिला गोळ्या सुरू झाल्या आणि दिवाळीपर्यंत ती डोक्यावर हंडा घेऊन चढ चढायला लागली.

यावर भांडुपकरांचा धाकूवर असा जीव बसला की अंबादासनं पुढच्या उन्हाळ्यात निरोप धाडला, आमच्या नव्या पोरांना पाऊल शिकवायला ये. जयवंत भडकला. “मेल्या, तुऱ्याच्या पोरांना शिकवणार? उद्या आपल्यालाच पाडतील!” धाकू म्हणाला, “पाडू देत की.” दर रविवारी सकाळी तो भांडुपला जायचा, पोरांना गिरकी शिकवायचा, उसळी शिकवायचा, काही हातचं न राखता. पोरं तयार झाली, चांगली तयार झाली. गणपतीत ती मुलुंडच्या मंडळासमोर उभी राहिली तेव्हा धाकूनं एकेकाचा चाळ स्वतः तपासून दिला, आपल्या रिंगणात परत आला आणि दिवस मावळायच्या आत सगळ्यांना धूळ चारली.